निकालाच्या दिवशी वाटलेली साखर

आज साकोलीत शाळांचे निकाल लागले आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या सुरू झाल्या. आम्ही आमच्या मुलीला, ईश्वरीला, घरीच शिकवतो, त्यामुळे आमच्याकडे परीक्षा नाही आणि निकालही नाही.

दुपारी गल्लीतली मुलं घरोघरी पेढे वाटत होती. ईश्वरी वाटीत साखर घेऊन त्यांच्यात सामील झाली. शेजारच्या काकूंना म्हणाली, "काकू, घ्या. मी बी पास झाली."

"वा वं माय! आता कोणत्या वर्गात जाशीन?"

"चौथीत."

मी दारातच होते. सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. चुकीची नोंद दिसली की मी लगेच दुरुस्त करते. तसंच बोलून गेले, "तिची परीक्षाच झाली नाही, काकू."

मुलं हसली. "मंग पास कायची झाली वं तू?"

काकूंनी चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि मला म्हणाल्या, "होऊ दे ना वं लेकराले खुश."

ईश्वरी उरलेली साखर घेऊन घरात आली. "आई, मंग मी नापास आहो का?"

हा शब्द तिच्या वाट्याला येऊ नये म्हणूनच आम्ही तिला शाळेत घातलं नव्हतं. आज तो माझ्यामुळे आला. मी "नाही" म्हणाले, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही.

घरी शिकवणाऱ्या पालकांनो, तुम्ही तिला काय सांगितलं असतं?