जुन्या स्प्रिंगपायी

आमच्या सुरक्षा दलाच्या हत्यारखान्याला सगळे कोत म्हणतात. खिडकी नाही, मोबाईल बाहेर जमा, आणि आत काम चालू असलं की दाराला बाहेरून कुलूप. बाळंतपणाची रजा संपवून मी परत आले ती याच खोलीत. दुपारी सुटायचं, स्कूटी काढायची आणि नेहरू नगरला जाऊन लेकीला पाजायचं, एवढ्यावर माझा दिवस उभा असायचा. पोर बाटलीला तोंड लावत नव्हती.

त्या दिवशी सेमी-ऑटोमॅटिक रायफलींच्या स्प्रिंगा बदलायच्या होत्या. गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी ओढून काढणारा एक छोटा आकडा रायफलीच्या सरकत्या बोल्टमध्ये असतो, एक्स्ट्रॅक्टर. त्याला दाबून धरणारी स्प्रिंग ढिली पडली की पुंगळी आतच अडकते. सरावात पुंगळ्या फार अडकायला लागल्या, म्हणून जास्त ताठ स्प्रिंगा आल्या होत्या. माझा हात या कामात चांगला आहे, उगाच लाजून सांगत नाही. तरी शेवटच्या बोल्टमधली जुनी स्प्रिंग टणकन उडाली आणि दिसेनाशी झाली.

नवी बसली होती. हरवलं होतं ते भंगार. पण जुना भाग जमा झाल्याशिवाय हिशेब जुळत नाही आणि तोवर कुणी बाहेर पडत नाही.

कोत सांभाळणारे हवालदारसाहेब भंडाऱ्याकडचे. ते, दोन जवान आणि मी, चौघंही मे महिन्याच्या घामात रांगत होतो. लोहचुंबक फिरवलं, केर चाळला. सुटायची वेळ टळली. माझी छाती दगडासारखी झाली आणि मग वर्दी भिजायला लागली. मी पुसायचं फडकं छातीशी धरून बसले. जवान भिंतीकडे बघत होते. त्यांचाही राग आला, भिंतीचाही आला.

"साहेब, माही पोर उपाशी आहे. मले जाऊ द्या."

"समजते मले, बाई. पण मी का करू? आमची झडती झाली. तुमचीच राहिली."

बाईची झडती बाईनंच घ्यायची. गेटवरची महिला शिपाई पाळी सुटेपर्यंत जागा सोडू शकत नव्हती. म्हणजे एवढा वेळ मी शोधत नव्हतेच, नुसती कोंडून ठेवलेली होते. ओरडावंसं वाटत होतं, पण वर्दीत ओरडता येत नाही.

शेवटी ती आली. खिशांना हात लावायच्या आधीच तिनं माझ्या अंबाड्याच्या जाळीतून स्प्रिंग काढली. कुणीही बघू शकलं असतं, पण माझ्या डोक्याकडे नीट बघायची कुणाची छाती झाली नव्हती.

घरी कशी पोहोचले ते मलाच ठाऊक. लेक पाळण्यात गाढ झोपलेली, ओठांच्या कडेला दुधाचा पांढरा डाग. सासूबाईंचा चेहरा नुसता फुलला होता.

"गाईचं दूध पाजलं वाटी-चमच्यानं. आधी लय रडली, मंग गटागटा पेली, बाप्पा! आता घाई कावून करतं? कितीबी उशीर झाला तरी चालते तुले."

मी हो म्हटलं. मोरीत जाऊन दार लावलं, नळ सोडला, आणि दूध पिळून टाकत बसले.