चिऊचं तोंड मी बंद केलं

"मराठी हो, वो तो ठीक है. मराठी में क्या?"

मॅडमनी हसत विचारलं. चहा घेणार का कॉफी, विचारावं तसं. नोएडातली नवीकोरी शाळा, आम्ही नर्सरीच्या मुलाखतीला आलेलो. मुलाखत पोरीची म्हणायची, घेतात आईबापांची. माझी चिऊ, वय साडेतीन, शेजारच्या छोट्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे. आमचं आडनाव महाराष्ट्राबाहेर कुणाला चटकन उलगडत नाही. त्याच भरवशावर तर आलो होतो.

"मराठा," मी म्हणाले.

मी म्हणाले. ह्यांनी नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण नंतर कितीतरी दिवस मी घरच्यांना उलटंच सांगत होते.

मॅडमचा चेहरा खुलला. "बुरा मत मानिए, पूछना पड़ता है. छोटे बच्चे एक-दूसरे का टिफिन खाते हैं. पैरेंट्स बाद में शिकायत करते हैं."

"बिल्कुल," मी म्हणाले. बिल्कुल! गावच्या शाळेत मला माठाला हात लावू देत नसत, वरून ओंजळीत पाणी ओतायचे. तीच मी, आणि मान डोलावत होते. लाज कोळून प्यायले होते.

पण लाज सोडली होती ती त्याआधीच, घरात. आमच्याकडे कुणी आलं, फोन आला, की "जय भीम". चिऊ बोलायला लागली तीच "दय बीम" करत. सगळे खो खो हसायचे. मग शेजारणीनं सांगितलं, मुलाखतीत बच्चों से घर की बातें पूछते हैं. पूजा किसकी करते हो, खाते क्या हो. माझं धाबं दणाणलं. हॉलमधला निळ्या कोटातला फोटो मी कपाटामागे ठेवला. चिऊला पढवलं, "नमस्ते म्हणायचं. ते नाही म्हणायचं. ते बॅड असतं."

बॅड. हा शब्द माझा.

एका रविवारी माझ्या सासऱ्यांचा, आबांचा, पुण्याहून फोन आला, नेहमीसारखं मोठ्यानं "जय भीम" करत. चिऊ रिसीव्हरला तोंड चिकटवून कुजबुजली, "आबा, हळू. ते बॅड असतं." हे उठून गॅलरीत गेले. आबांनी फोन ठेवला. आणि मी मनात म्हटलं, चला, पोरगी तयार झाली. कसली गं बाई मी आई!

तर मुलाखत. चिऊनं रंग ओळखले, त्रिकोण दाखवला. सीट मिळाल्यातच जमा होती. मॅडम तिच्यासमोर वाकल्या. लाडानं म्हणाल्या, "बेटा, दादाजी घर आते हैं तो उन्हें क्या बोलते हो?"

चिऊनं माझ्याकडे पाहिलं. दोन्ही हात तोंडावर दाबले. बोटांच्या फटीतून म्हणाली,

"नहीं बताना. हम लोग बैड हैं."

मी एवढं कधी शिकवलं नव्हतं. तिनं तिचं तिचं समजून घेतलं होतं.

"कौन बैड है, बेटा?" मॅडम अजून हसत होत्या.

अजूनही सावरता आलं असतं. बच्ची है म्हणायचं, हसायचं, सीट घ्यायची. ह्यांनी टेबलाखालून माझा हात दाबला. मी तो झटकला.

"बच्ची बैड नहीं है. झूठ मैंने सिखाया. आपसे भी झूठ मैंने बोला. हम मराठा नहीं हैं. हमारे घर में जय भीम बोलते हैं." मग चिऊकडे वळले. "हात काढ गं तोंडावरचे. म्हण."

ती म्हणेना. मी पुन्हा सांगितलं. तिनं हात आणखी घट्ट दाबले आणि रडायला लागली.

मॅडम ताठ झाल्या. "आप लोगों को पहले बताना चाहिए था. सीटें वैसे भी कम हैं."

आप लोग. मघाशी आम्ही नुसते 'आप' होतो.

"सीट आप ही रखिए," मी म्हणाले आणि चिऊला उचललं.

बाहेर गाडीपाशी हे भडकले. "खोटंही तूच बोललीस, खरंही तूच. मला विचारलंस?" बरोबर होतं त्यांचं.

आता सगळंच सांगते. आमच्या सेक्टरच्या मागे सरकारी अंगणवाडी होती. आमच्याकडे धुणीभांडी करणारी कमला म्हणाली होती, "दीदी, बिटिया को वहीं भेज दो, मेरी मुनिया जाती है." मी तोंड वाकडं केलं होतं. "नहीं रे, वहाँ कैसे-कैसे बच्चे आते हैं." कमलाचा कप आमच्याकडे वेगळा होता. हो, आमच्याकडे. मॅडममध्ये आणि माझ्यात फरक काय, तर खुर्चीचा.

दुसऱ्या सकाळी चिऊला घेऊन मी तिथे गेले. फाटकी सतरंजी, त्यावर मुनिया आणि दहाबारा पोरं हाताची घडी घालून बसलेली. खेळणी होती, पण कपाटात, कुलूप लावून.

"ये बच्चे तोड़ देंगे," अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या. "साहब लोग देखने आते हैं, तब निकालते हैं."

चिऊ माझ्याशी बोलत नव्हती. माफी मागायची सोयच नव्हती; तिनं मला माफ केलं असतं तरी त्यानं बरं मलाच वाटलं असतं, तिला नाही. मी तिला मुनियाशेजारी बसवलं. मग स्वतः सतरंजीवर मांडी घातली.

"चाबी लाइए," मी म्हणाले.

"आप कौन होती हैं?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. जातही सांगितली, न विचारता. म्हटलं, कपाट उघडलं नाही तर उद्या येईन. परवाही येईन. कमलाला आणेन, या सगळ्यांच्या आयांना आणेन, तुमच्या साहेबांच्या दारात बसेन. तुटू द्या खेळणी. या पोरांच्या हातून तुटू द्या.