आखाजीतले स्वेटर

आज सकाळी माझी अक्का गेली, आणि मी खोटारडी आहे की नाही हे सांगणारं आता कोणी राहिलं नाही.

नात म्हणाली, आजी, फेसबुकवर दोन ओळी लिही. दोन ओळींत बसत नाही म्हणून एवढं टाइप करतेय. चुका पोटात घाला.

अक्का माझी सख्खी बहीण, दोन वर्षांनी मोठी. पारोळ्याजवळच्या खेड्यात आमचं घर. आई, आबा, कपाशीचं रान आणि आम्ही दोघी.

विणकाम तिला मास्तरांच्या बायकोने शिकवलं. खेड्यात सुया कुठल्या? सायकलच्या तारा दगडावर घासून टोक काढायचं.

शिकायला मीही बसले होते. चार ओळी विणल्या की माझे आठ टाके गळायचे. बाई म्हणाल्या, "तू आपली भाकरी शीक." शिकले. भाकरी माझी आजही टम्म फुगते.

सत्तावन्न साल असेल. थंडीचे दिवस. अमळनेरची मंडळी अक्काला बघायला यायची होती.

तेव्हा थोरलीला बघायला येणार असले की धाकटीला शेजारच्या घरी पाठवायचे. भलतीवर नजर जायला नको ना!

मी निघालेच होते. पण पाहुणे आधीच्याच एसटीने येऊन टपकले आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यासमोर सापडले.

अक्का पाटावर बसली. अक्काने विणलेला हिरवा स्वेटर आईने पुढे ठेवला आणि आई पोहे आणायला आत गेली. पुरुष मंडळी ओसरीवर.

मुलाच्या आईने स्वेटर उचलला. आधी उलटा केला, आतली बाजू बघितली. बाई जाणकार होती.

मग विचारलं, "हाई कोनी विनेल शे?"

हे कोणी विणलं, एवढंच.

पुढचं मला असं आठवतं. अक्काने मान वर केली नाही. माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "हिनी."

मी गप्प बसले. सतरा वर्षांची होते. काय बोलणार?

आठ दिवसांनी निरोप आला. धाकटी पसंत आहे.

आबा भडकले. थोरली घरात असताना धाकटीला मागतात म्हणजे काय? दोन दिवस घरात हाच विषय. शेवटी अक्काच म्हणाली, "व्हऊ द्या, आबा."

वैशाखात माझं लग्न झालं. हे तेलाच्या मिलमध्ये नोकरीला. घरात चार माणसं, दारात नळ.

दोन वर्षांनी अक्काला धुळ्याकडे दिली. सोळा माणसांचं खटलं. विहीर शेताच्या पलीकडे.

इकडे सासूबाईंनी माझ्यासमोर लोकर आणून टाकली. ह्यांना एक, मामंजींना एक. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"आखाजीला माहेरी जाईन ना, तिथे निवांत विणते," मी म्हटलं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण. वर्षभर सासरी राबणाऱ्या पोरी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, पोटभर आंबे खातात. कामाला कोणी हात लावू देत नाही.

आणि ऊन असं की अंगणात पाय ठेववत नाही.

त्या उकाड्यात अक्का घरात बसून माझ्या सासरच्यांचे स्वेटर विणायची.

घामाने लोकर बोटांना चिकटायची. पदराला हात पुसायची आणि पुन्हा विणायची. बाहेर निंबाच्या सावलीत सगळ्या जणी झोक्यावर. मीसुद्धा! मी बाहेरून ओरडायचे, "अक्का, ये ना वं!" ती म्हणायची, "बाही व्हऊ दे."

एक नाही, दोन नाही, पाच आखाज्या. तिचं लग्न झालं तरी ती माहेरी येऊन माझंच विणत बसायची. मग माझ्या सासूबाईंना सांधेवाताचं दुखणं लागलं आणि लोकर यायची थांबली.

सासूबाई गल्लीत कौतुकाने सांगायच्या, "मन्ही सून उन्हायामा स्वेटर विनस!" सून उन्हाळ्यात विणते म्हणे.

मी आयुष्यभर एकाच कोड्यात राहिले. अक्काने माझं नाव का घेतलं?

कधी वाटायचं, माझं बरं व्हावं म्हणून. मग तिच्या हातांना पडलेले घट्टे आठवून मला रडू यायचं.

कधी वाटायचं, तिला ह्यांचे कान आवडले नसतील म्हणून ह्यांना माझ्या गळ्यात बांधलं. ह्यांच्याशी भांडण झालं की हेच खरं वाटायचं.

आभार मानावेत की जाब विचारावा, ते ठरेना. म्हणून कधी विचारलंच नाही.

मागच्या महिन्यात धुळ्याला गेले होते. अक्का अंथरुणाला खिळलेली, पण डोकं शाबूत. म्हटलं, आता नाही तर कधी?

"अक्का, तू त्या दिवशी माझं नाव का सांगितलंस?"

तिने माझ्याकडे बघितलं. जरा हसली.

"मी कसाले तुन्हं नाव लिसू? तूच सांगं ना वं, 'मी विनं' म्हनीसन."

मीच सांगितलं म्हणे. मी विणलं, असं.

म्हटलं, "मी? नाही गं अक्का."

"जाऊ दे, माय. तू धाकली व्हती."

तेवढ्यात भाची चहा घेऊन आली आणि अक्का तिच्याशी गुडघ्यांबद्दल बोलायला लागली.

महिनाभर मी तो दिवस आठवतेय. कधी अक्काचं बोट दिसतं. कधी माझाच आवाज ऐकू येतो. कुठलं खरं आणि कुठलं मी नंतर रचलं, देवाशपथ कळत नाही.

पण तिच्या मनात तेच होतं ना?

म्हणजे बहिणीने खोटं बोलून आपलं स्थळ घेतलं, हे मनात ठेवून ती उकाड्यात बसून पाच वर्षं माझे स्वेटर विणत होती. ओरडून सांगायचं होतंस गं. एक थोबाडीत मारायची होतीस.

खाली सगळे भावपूर्ण श्रद्धांजली लिहितील. मला ते लिहिता येत नाही.

अक्का, मी तसं बोलले असेन तर चुकले. नसेन बोलले, तरी चुकले.

जा सुखाने. मला धाकटी म्हणून 'जाऊ दे' म्हणणारं आता कोणी नाही.