वाढत्या अंगाचं झाकण

शांतवन ओहोळ स्वतःची पट्टी कुणालाही देत नसे. मी मागितली की म्हणायचा, "मुकुंदराव, बायको आणि पट्टी सोडून काहीही मागा."

१९६४ साली मी चिंचवडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात लागलो, तेव्हा तो शेजारच्या पॅटर्न शॉपमध्ये होता. नगरकडच्या मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकलेला. ओतकामाचे सागवानी नमुने करायचा. वितळलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो, फुटामागं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यासाठी इंचच मुळात लांब आखलेली एक पट्टी असते. तिला आम्ही 'वाढीव पट्टी' म्हणायचो. एप्रनच्या उजव्या खिशात साधी, डाव्या खिशात वाढीव. सात वर्षांत त्याचा खिसा एकदाही चुकला नाही.

शिफ्ट सुटली की आम्ही सायकली काढून निगडीच्या माळापर्यंत जायचो. तेव्हा तिथं बंगले नव्हते की फ्लॅट नव्हते, वारा मात्र भरपूर. त्या वाऱ्याची आठवण आली की अजून जीव कासावीस होतो.

आसपासच्या ख्रिस्ती घरांत कुणी गेलं की पेटी शांतवनच करायचा. त्यांच्यात 'मेला' म्हणत नाहीत, 'प्रभूत निजला' म्हणतात. पेटी पोचवताना तो घरच्यांना सांगायचा, "निजलाय तो. रडा, पण घाबरू नका." मी एकदा चावटपणा केला, "मग उठवा की!"

तो शांतपणे म्हणाला, "उठवणारा वेगळा आहे. आपण सुतार."

१९७१च्या ऑगस्टात त्याची सात वर्षांची मुलगी राहेल मेंदूज्वरानं तीन दिवसांत गेली. पेटी दुसऱ्याकडून करून घेऊ म्हटलं, तर ऐकेना. मी फळ्या धरल्या. चार फुटी पेटी झाली, वर झाकण ठेवलं, तर ते अर्धा इंच बाहेर! चार फुटांना चार सूत. त्यानं झाकण वाढीव पट्टीनं मापलं होतं. मी गपचूप रंधा उचलला. त्यानं माझं मनगट धरलं.

"राहू द्या. तिचे फ्रॉक आम्ही कायम वाढत्या अंगाचेच शिवले."

दफनभूमीत पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले. "आपली राहेल निजली आहे," ते म्हणाले.

"मेली!" शांतवन ओरडला. "निजलेल्या पोरीला मी रोज सकाळी उठवायचो, साहेब. हिला तीनदा हाक मारली मी."

त्या दिवसापासून त्यानं देऊळ सोडलं; चर्चला ते देऊळच म्हणायचे. त्याची बायको, सगुणावहिनी, एकट्याच जायच्या. मीही माझं शहाणपण पाजळायला गेलो, नशीब, भोग वगैरे. तो म्हणाला, "तोंड बंद ठेवा, मुकुंदराव." बरोबरच होतं त्याचं. पेट्या तो करतच राहिला, पण पोचवायचा आणि मुकाट्यानं परत फिरायचा. 'निजलाय' हा शब्द काही तोंडातून निघेना. पाळकसाहेब मात्र दर शनिवारी येऊन फळीचं दुसरं टोक धरायचे. उपदेश नाही, काही नाही. एकदाच म्हणाले, "प्रभूही मित्राच्या कबरेपाशी रडला होता, शांतवन. घटकाभरात आपणच त्याला मेलेल्यातून उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला." त्या दिवशी चहा शांतवननं स्वतः करून दिला.

१९७६ साली आकुर्डीच्या चाळीतल्या सुवार्ताचा दोन वर्षांचा मुलगा गेला. मी पेटी पोचवायला बरोबर होतो. शांतवन वळणार, तेवढ्यात तिनं त्याचा हात धरला.

"ओहोळकाका, निजलाय ना हो माझा बाळ?"

सगळी चाळ त्याच्याकडं बघू लागली. खोटं त्याला बोलता यायचं नाही आणि खरं त्या पोरीला सोसायचं नाही. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मेलाय, पोरी. मीही एक पुरलीय." त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, "आणि निजलाय. तेही खोटं नाही. रड तू, मी बसतो इथंच."

पुढच्या रविवारी तो देवळात शेवटच्या बाकावर जाऊन बसला. वहिनींनी हे सांगितलं तेव्हा मला रडू आवरलं नाही.

१९८१मध्ये शांतवन हृदयविकारानं गेला. पेटी पॅटर्न शॉपच्या ज्योतीरामनं केली, मापं मी दिली. पेटीला साध्या पट्टीनं, झाकणाला डाव्या खिशातल्या. त्याची पट्टी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातात आली. सहा फुटांना सहा सूत.

दफनभूमीत वहिनींनी झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि त्या थबकल्या.

"भाऊजी, झाकण मोठं झालं का हो?"

"असू दे, वहिनी," मी म्हटलं. "वाढत्या अंगाचं आहे."

त्यांनी मान हलवली आणि राहेलच्या शेजारची जागा दाखवायला पुढं झाल्या.