घाणीच्या रिंगणातले गुलाब

लोणावळ्यापलीकडे धरणाखाली आज कंपनीची बाग आहे, तिथे माझा जन्म झाला. बाग तेव्हा नव्हती. धरणाच्या भिंतीचं काम चालू होतं आणि तिथे चुन्याच्या भट्ट्यांचं गाव होतं. सगळं पांढरं. पानं पांढरी, कुत्री पांढरी, आईचं कुंकूसुद्धा संध्याकाळी गुलाबी पडायचं.

माझे वडील चुना मळायच्या घाणीवर होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही. जमिनीत गोल दगडी चर, त्यात माणसाच्या छातीएवढं दगडी चाक. बैल फिरायचे आणि चाकाखाली चुना-वाळू एकजीव व्हायची. आबा चिमूटभर चुना अंगठ्याच्या नखावर घेऊन अंगठा उलटा करायचे. पडला नाही तरच तो भिंतीला जायचा. एवढी थोरली भिंत या नखाच्या भरवशावर उभी आहे, हे मला तेव्हाही खरं वाटत नसे, आताही वाटत नाही.

पहिल्यांदा पाणी अडलं तेव्हा आबांनी मला वर नेलं. एका अंगाला काठोकाठ पाणी, दुसऱ्या अंगाला खोल खाली आमची घरं, काडेपेट्यांएवढी. मी आबांचं धोतर घट्ट धरलं. आबांनी मात्र गाभण गाईच्या पाठीवर ठेवावा तसा भिंतीवर हात ठेवला होता.

काम संपलं तसं गावही संपलं. भट्ट्या विझल्या, पाथरवट दुसऱ्या धरणावर गेले, आम्ही कार्ल्याला आमच्या भातशेतीवर आलो. कंपनीने धरणाखालच्या जागी बाग करायची ठरवली आणि आबांनी माळीकाम धरलं. बागेच्या कामावरचा नवा ओव्हरसियर म्हणाला, "हा चर मातीने भरून गुलाब लावू. चाक फोडून खडी करू."

कधी कुणापुढे न वाकलेल्या आबांनी हात जोडले. "सायेब, चाक न्हाई फोडायचं. लय राबलंय ते."

"बघू," तो म्हणाला. फोडायला पाथरवट उरले नव्हते, म्हणून चाक तसंच बाजूला पडून राहिलं.

बाग अशी फुलली की बघत राहावं. फक्त चरातले गुलाब पिवळे पडले. पुन्हा लावले, पुन्हा पिवळे. आबा रोज इमानाने पाणी घालायचे आणि मरायला टेकलेली रोपं घरी आणून आमच्या दारात लावायचे. तिथे ती तरारली.

"आबा, तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"व्हय. वर्सानुवर्सं चुना मुरलाय तितं. गुलाब कसला धरतोय?"

"मग सांगितलं का नाही?"

"मला कुनी इचारलं?"

एक दिवस ओव्हरसियर कामासाठी आमच्या घरी आला. दारातच थबकला. "आबा, हे गुलाब ओळखीचे वाटतात."

आबांची मान खाली गेली. नोकरी गेली, चाकही गेलं, असं मला वाटलं आणि रडूच आलं. त्याने वाकून रोपांच्या बुडाची काळी माती चिमटीत चोळून बघितली. मग म्हणाला, "चुन्यात गुलाब धरायचा नाही. चाक परत चरात कसं बसवायचं, ते उद्या येऊन दाखवा."

चर रिकामा झाला, चाक उभं राहिलं. बैल नव्हते, म्हणून आबांनी चाकाच्या आडव्या दांड्याला स्वतः खांदा लावला. ओव्हरसियरने कोट काढून दुसऱ्या टोकाला लावला. चाक करकरत हललं. मी वर भिंतीकडे पाहिलं, आणि आबांनी तेव्हा तिच्यावर ठेवला होता तसा चाकावर हात ठेवला.