शेऱ्याचा रकाना

हेमंत भावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी फ्रिजचं तापमान लिहीत होते. सकाळचे सात वाजले होते, एका हातात पेन, दुसऱ्या हाताने फोन कानाला धरलेला, आणि पलीकडून त्यांच्या मिसेस, मीनलताई, म्हणत होत्या, "सुनंदा, हेमंत गेला गं... झोपेतच." मी "आले" एवढंच म्हटलं. आणि मग, आज लिहायला लाज वाटते, पण लिहिते... मी अर्धवट राहिलेला चाराचा आकडा पुरा केला, पुढे सही केली, आणि मगच पायात चपला सरकवल्या. त्यांचं घर आमच्यापासून चार घरं सोडून. तेवढ्या वाटेत मला त्यांचाच आवाज ऐकू येत होता, "वा वहिनी! माणूस मेला तरी चालेल, सरकारचा कागद आधी!"

ते पुण्याचे, कॉम्प्युटरमधले, पन्नाशी नुकतीच ओलांडलेले. मी इचलकरंजीची, नववीतून शाळा सोडलेली. गावाकडे आमची भेट झाली असती तर त्यांनी मला रिक्षा स्टँडचा पत्ता विचारला असता आणि तिथेच विषय संपला असता. पण इकडे परदेशात, ट्रुगानिनाच्या नव्या वस्तीत, जिथे झाडंसुद्धा काठीला बांधून उभी केलेली असतात, तिथे मराठी ऐकू आलं की माणूस दार उघडतो. दिलीप, म्हणजे माझे मिस्टर, वेल्डर. त्यांच्या व्हिसावर मी आले. घरात बसून जीव घाबरायचा म्हणून डबे करायला लागले. आधी दोन, मग दहा, मग पोरं फोन करून विचारायला लागली, काकू, जागा आहे का? तेव्हा कुणीतरी सांगितलं की घरी स्वयंपाक करून विकायचा तर कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, नोंदणी लागते. माझी झोप उडाली. आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहण्याचा, अर्ज आत पडलेला, त्यात कुठे काळा डाग लागला तर? मी भावजींकडे गेले.

त्यांनी आधी तासभर मला समजावलं की नोंदणी करूच नका. लायसन्स म्हणजे आत बसलेल्यांनी बाहेरच्यांना आत येऊ न देण्याची युक्ती, हे त्यांचं आवडतं वाक्य. न्हाव्याला परवाना, टॅक्सीला परवाना, भिंतीतला विजेचा पॉइंट बदलायचा तरी परवानेवाला इलेक्ट्रिशियन बोलवा, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर फिरवायलाही सरकारची परवानगी. तुमचं जेवण वाईट असेल तर गिऱ्हाईक परत येणार नाही, संपलं. फोनवर लोक तारे देतात, दोनशे लोकांनी दिलेले पाच तारे हे कौन्सिलच्या एका शिक्क्यापेक्षा खरे. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "भावजी, एक तारा देणाऱ्याचं पोट आधी बिघडलेलं असतंय की." ते हसले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनीच तो सगळा फॉर्म भरला, कारण मला इंग्रजी येत नव्हतं. प्रत्येक पानाला एक शिवी, आणि प्रत्येक रकाना बिनचूक. माझ्या भाड्याच्या घरात दुसरा फ्रिज ठेवायला जागा नव्हती, तर त्यांच्या गॅरेजमध्ये ठेवा म्हणाले, आणि गॅरेजचंही नाव फॉर्ममध्ये घातलं. हे उपकार मी विसरणार नाही. पण उपकार केले म्हणून माणसाचं बोलणं खरं होत नाही, हेही खरंच.

कारण त्यांचं बोलणं मला कधी पटलं नाही. मनातल्या मनात मी त्याची टरच उडवत होते. मुक्त बाजार हे शब्द ते असे उच्चारायचे जसं आमच्याकडे ग्रामदैवताचं नाव घेतात, आणि ग्रामदैवताची पालखी निदान वर्षातून एकदा आमच्या गल्लीत यायची. सरकारला उठता-बसता शिव्या देणाऱ्या या माणसाची नोकरी काय, तर एका सरकारी खात्याचं सॉफ्टवेअर सांभाळायची! मी एकदा तोंडावर म्हटलं. "म्हणून तर सांगतोय," ते म्हणाले, "आतून बघितलंय." सगळ्याला उत्तर तयार. ज्याला कधी कुठल्या काउंटरवरून परत पाठवलं नाही, ज्याचा पासपोर्ट इथला आणि घर स्वतःचं, त्याला नियम म्हणजे पायातला खडा वाटतो. माझ्यासारखीला तो हात धरायचा कठडा असतो.

एकदा मात्र वेगळं झालं. मी त्यांना माझ्या वडलांचं सांगितलं. अण्णा पावरलूमवर कामाला. बारा-बारा तास तो खडखडाट. कानात घालायला बोळासुद्धा कुणी दिला नाही, तपासायला कुणी आलं नाही, चाळिशीच्या आत ठार बहिरे झाले. मग मालकाने काय सांगितलं ते ऐकून त्यांना खुणेने सांगायला कुणीतरी पाहिजे, म्हणून माझी शाळा सुटली. "तिथं तुमचा बाजार अगदी मुक्त होता, भावजी," मी म्हटलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तो बाजार नव्हता, वहिनी. तिथे तपासनीस मालकाने विकत घेतला होता." हे उत्तरही त्यांना सापडलंच. पण त्या दिवशी आवाज नेहमीसारखा चढला नव्हता.

मग लॉकडाऊन आला आणि भावजींना जणू आयुष्यभर ज्याची वाट बघत होते तो शत्रू सापडला. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, रात्री घराबाहेर पडायचं नाही, कामाला जायला परवान्याचा कागद. ते अंगणात उभे राहून, बरोबर मास्क लावून, मास्कला शिव्या द्यायचे. दिलीपच्या वर्कशॉपमधल्या शिफ्ट कमी झाल्या. सरकारने लोकांना मदत दिली, पण आमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांना काही नाही. "बघा तुमचं सरकार," ते म्हणाले, आणि मी डब्यांची यादी पुढे ओढली. घर डब्यांवर चालू होतं. भावजींनी ऑर्डर घ्यायला फोनवर एक पान बनवून दिलं, नर्सिंगच्या पोरी, अडकून पडलेले विद्यार्थी त्यावरून डबे मागवायचे. दारात डबा ठेवायचा, बेल वाजवायची आणि मागे व्हायचं. आणि मी कौन्सिलच्या नियमाप्रमाणे दोन्ही फ्रिजांचे तक्ते सकाळ-संध्याकाळ भरत होते. तारीख, वेळ, तापमान, शेरा. पाच अंशांच्या वर गेलं की धोका. गॅरेजमध्ये मी वाकून आकडा बघत असले की मागून आवाज यायचा, "काय वहिनी, फ्रिजला ताप आहे का आज?"

दुसऱ्या लाटेत दिलीपच्या वर्कशॉपमध्ये एकाला कोरोना झाला आणि आम्हाला चौदा दिवस घरात बसवलं. डबे बंद. पण गॅरेजमधल्या फ्रिजचा तक्ता? माझ्या डोक्यात तेवढंच. तिथे पनीरची बारा पाकिटं होती, आणि दोनेक महिन्यांत कौन्सिलची वर्षाची तपासणी येणार होती. चौदा दिवस कोरे दिसले तर? मी रोज सकाळी फोन करायची, "भावजी, आकडा लिहिला का?" आणि ते म्हणायचे, "सरकार सुरक्षित आहे, वहिनी, झोपा." मला कळायचं की हा माणूस लिहीत नाहीये. तो का लिहील? ज्याला सगळी तपासणी म्हणजे नाटक वाटतं, तो थंडीत उठून गॅरेजमध्ये जाऊन माझ्यासाठी फ्रिजच्या पोटात बघणार?

म्हणून मी काय केलं ते सांगते. माझ्याकडे कोरे तक्ते होते. आठव्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले आणि चौदाच्या चौदा दिवस भरून टाकले. चार, चार, तीन, चार, चार... एकसारखं वाटू नये म्हणून मध्येच पाच. शेऱ्याच्या रकान्यात सगळीकडे "ओके". जे दिवस अजून उजाडलेही नव्हते, त्यांचंसुद्धा तापमान मी लिहिलं. नियमाचा कठडा धरून चालणारी मी.

चौदा दिवसांनी गॅरेज उघडलं तर क्लिपबोर्ड रिकामा होता. "तक्ता कुठाय?" विचारलं तर भावजी हसून म्हणाले, "सांभाळून ठेवलाय. योग्य वेळी मिळेल." मनात म्हटलं, मिळतोय! आणि गुपचूप माझा तक्ता क्लिपला लावला. फ्रिज उघडला तर पनीर भलत्याच कंपनीचं.

"माझं पनीर कुठं गेलं?"

"खाल्लं. मीनलने पालक पनीर केलं, झकास."

"बारा पाकिटं? तीन माणसांनी?"

"लॉकडाऊन आहे वहिनी, दुसरं काय करायचं? नवीन आणून ठेवलंय ना बारा."

नवीन होतं, पण भुसभुशीत. घरी येऊन मी दिलीपला म्हटलं, दुसऱ्याच्या मालमत्तेला हात लावायचा नाही म्हणून जन्मभर भाषणं ठोकली आणि माझ्या फ्रिजवर हात मारला. त्यांच्याबद्दल माझं जे मत होतं त्यावर त्या दिवशी मी शिक्काच मारला. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले. ते तीन आठवडे मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

अंत्यविधीला दहाच माणसं चालणार होती. माझं नाव यादीत असायचं कारणच नव्हतं. मी आणि दिलीप गाडीतळावर गाडीत बसून राहिलो, काचा बंद करून. नियमांना आयुष्यभर हसलेला माणूस शेवटी नियमाने मोजून दिलेल्या दहा माणसांत गेला... आणि मी ती अकरावी, जिला दारापर्यंत जायचीही हिंमत झाली नाही. पुढच्या रविवारी कॉम्प्युटरवर शोकसभा झाली. त्यांच्या मुक्त बाजारवाल्या ग्रुपमधले लोक एकेक करून बोलले. स्वातंत्र्याचा पुजारी, निर्भय विचारवंत. एक गृहस्थ तर म्हणाले, हेमंतने आपल्याला सरकारपुढे न वाकायला शिकवलं. हेच गृहस्थ सोलर पॅनेलची सरकारी सवलत मिळावी म्हणून भावजींकडून अर्ज भरून घ्यायला आले होते, मी तेव्हा तिथेच गॅरेजमध्ये होते. मी माइक बंद ठेवला. त्यांना ओळखणारं त्या खिडक्यांमध्ये कुणी आहे असं मला वाटेना, आणि मीही त्यात आलेच.

तपासणीच्या आदल्या दुपारी त्यांची मुलगी ईशा दारात आली. लांबूनच एक पाकीट पुढे धरलं. "आँटी, धिस इज युअर्स. डॅड वॉज गोइंग टु लॅमिनेट इट. फॉर दिवाली." आत माझा तक्ता होता. चौदा दिवस, दोन्ही वेळा. भावजींचं बारीक, तिरकं अक्षर. आणि शेऱ्याचा रकाना मराठीत, भरगच्च.

"४ अंश. राष्ट्र सुरक्षित." "३.५. फ्रिजने कर भरला." "४. बाहेर दोन अंश, आत चार. माझ्यापेक्षा पनीर उबेत आहे." मला हसू आलं, मग राग आला, मग अकराव्या दिवसावर नजर गेली. तिथे मी माझ्या तक्त्यात चार लिहिले होते. त्यांनी लिहिलं होतं:

"९ अंश. वीज गेलेली, केव्हा ते माहीत नाही. पनीर सगळं फेकलं. पॉइंट मी स्वतः बसवला होता, चूक माझी. वहिनींना सांगू नये, झोपणार नाहीत. उद्या इलेक्ट्रिशियन येतोय. लायसन्सवाला."

मी ते किती वेळा वाचलं माहीत नाही. गॅरेजमधून माझा तक्ता काढून आणला आणि टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. एक स्वच्छ, सगळीकडे ओके, आणि सगळा खोटा. दुसरा टिंगलीने भरलेला, मध्ये एक नऊ, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा. तुच्छ मानायचंच तर कुणाला मानायचं ते त्या दिवशी मला कळलं. तरी हिशोब मांडलाच. नऊचा आकडा दाखवला आणि नोंदणी गेली तर डबे गेले, डबे गेले तर घरभाडं कुठलं, आणि वर अर्जाचं काय... माझाच तक्ता परत लावला असता तर कुणाला काही कळलं नसतं. भावजींनी तर म्हटलंच असतं, लावा बिनधास्त, सरकारचा एक हात दुसऱ्या हाताला ओळखत नाही. मी माझा तक्ता फाडला, अगदी बारीक तुकडे केले, आणि त्यांचा क्लिपला लावला.

दुसऱ्या दिवशी कौन्सिलच्या बाई आल्या, मास्क, हातमोजे. गॅरेजमध्ये उभ्या राहून तक्त्यावरून पेन फिरवत अकराव्या दिवसापाशी थांबल्या. "व्हॉट डज धिस से?" मी म्हटलं, "इट सेज, नाईन डिग्री. पॉवर गॉन. ही थ्रो. ऑल." बाईंनी विचारलं, "हू?" मी म्हटलं, "माय नेबर. ही डेड." त्यांनी पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. मग रकान्याच्या कडेला छोटी खूण करत म्हणाल्या, "वेल, गुड ऑन हिम. दॅट्स व्हॉट द शीट इज फॉर." आणि नोंदणी टिकली. भावजींना सरकारकडून मिळालेलं हे पहिलंच प्रशस्तिपत्र, तेही मेल्यावर. लायसन्सवाल्याचं मी बाईंना सांगितलं नाही. ते आमच्या दोघांतलं.

ते असते तर लगेच म्हणाले असते, बघा, मला पनीर फेकायला कुठला इन्स्पेक्टर लागला का? आणि मी म्हटलं असतं, पण नऊ दिसायला तक्ता लागला ना, भावजी? आणि त्याच्यावरही त्यांच्याकडे उत्तर असतंच. ते चुकीचेच होते, मी आजही तेच म्हणते. एवढंच की आता उलटून बोलायला समोर कुणी नाही.

फ्रिज अजून त्यांच्याच गॅरेजमध्ये आहे, मीनलताई हलवू देत नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात मी पूर्वी नुसतं "ओके" लिहायची. आता मराठीत लिहिते. आज सकाळचं इथे उतरवते: चार अंश. पॉइंट व्यवस्थित. लायसन्सवाल्याने बसवलेला.