सोबतीचे डोळे

लोणावळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारा एक चाळिशीचा माणूस आहे. डोळ्यांत थेंब घालण्याआधी तो औषधाची बाटली थोडा वेळ मुठीत धरून ठेवतो, म्हणजे गार थेंबानं माणूस दचकत नाही. मला शुगर आहे, म्हणून दर सहा महिन्यांनी बायको मला आमच्या इंदुरी गावाहून तिथं घेऊन जाते.

गेल्या खेपेला त्यानं माझा फोटो दाखवून समजावलं. "आबा, पडद्यात बघणाऱ्या पेशी असत्यात, आन् त्यांना धरून ठेवणाऱ्या, खाऊपाणी पोचवणाऱ्या दुसऱ्या असत्यात. शुगरसंगं कोलेस्टेरॉलबी लय साचलं की या दुसऱ्यांचं काम ढिलं पडतं. ते लवकर कुणाच्या ध्यानात येत न्हाई."

मग तो हिच्याकडं वळला. "मावशी, आता तुमी बसा. थेंब न घालता साधा फोटो काढतो."

"मला काय झालंय?"

"सोबत येणाऱ्याला कोण तपासतच न्हाई." प्रत्येकाच्या सोबतीला तो असाच बसवतो.

हिचा फोटो काढून झाल्यावर मी विचारलं, "तू स्वतःचे डोळे कधी तपासून घेतलेस?"

तो बाटलीचं टोपण लावत राहिला. "थेंब घालून नीट तपासलं की चार तास धूसर दिसतं, आबा. घरी न्यायला कुणीतरी लागतं. माझं तसं कोण न्हाई."

या मंगळवारी आमची तारीख नव्हती. तरी आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं गेलो. त्यानं केसपेपर मागितला, तेव्हा ही म्हणाली, "आज आमी तुझ्यासोबत आलोय. बस."

त्यानं सवयीनं बाटली उचलली. हिनं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि आपल्या मुठीत धरली.